जुन्या रास्पबेरी पायवर गाणे मध्येच तुटते : दोष नेमका कुठे शोधावा

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही पुढचा विचार लावता येईल. अंबाजोगाईच्या घरी आपल्याकडे २०१२ च्या अखेरीस घेतलेले, ५१२ मेगाबाइट रॅमचे रास्पबेरी पाय मॉडेल बी, म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, आहे. त्याच्या दोन यूएसबी सॉकेटांपैकी एकात डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा ॲम्प्लिफायरला चालेल असा आवाज करणारे उपकरण) आणि दुसऱ्यात १२८ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह आहे, राउटरकडून आलेली लॅन केबल जोडलेली आहे आणि वीज मोबाइलच्या चार्जरवरून दिलेली आहे. एमपीडी या प्लेअरवर आपण वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली कीर्तने, भजने आणि शास्त्रीय गायन ऐकता. ऐकताना मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो, कधी अर्धा-एक सेकंद आवाज बंदच पडतो, फ्लॅक (दर्जा न घटवता आकुंचित केलेल्या) फाइलींना हा त्रास जास्त आणि एमपीथ्रीला कमी होतो, आणि संध्याकाळी तो वाढतो. मेमरी कार्डावर सगळी प्रणाली पुन्हा पुन्हा नव्याने टाकूनही फरक पडलेला नाही.

लातूरला ध्वनियंत्रणेच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करतो आहे आणि अशी छोटी बोर्डे माझ्याकडे सतत येतात. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो : आपल्या तक्रारीत दोन वेगळे दोष एकत्र मिसळलेले आहेत, आणि त्यांपैकी एकही मेमरी कार्डावरच्या प्रणालीत असण्याची शक्यता कमी आहे. पहिला दोष विजेचा असावा आणि दुसरा या बोर्डाच्या यूएसबी रचनेचा. आपल्या वर्णनातच याचे दोन पुरावे आहेत. दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होणारा दोष सहसा सॉफ्टवेअरचा नसतो. दुसरा पुरावा फ्लॅक आणि एमपीथ्री यांच्यातल्या फरकाचा आहे. फ्लॅक उलगडायला प्रोसेसरला एमपीथ्रीपेक्षा कमीच कष्ट पडतात, त्यामुळे ‘जुना प्रोसेसर फ्लॅकला पुरत नाही’ हा सर्रास केला जाणारा तर्क इथे चुकीचा ठरतो. मात्र फ्लॅकची फाइल कित्येक पटींनी मोठी असते आणि तेवढा जास्त माल पेन ड्राइव्हवरून, म्हणजे यूएसबीवरून, ओढावा लागतो. गडबड यूएसबीच्या बाजूला आहे, असेच यातून दिसते.

तरीही काहीही बदलण्यापूर्वी कानाने नीट निदान करावे. एक कीर्तन निवडून त्यातला साधारण पाच मिनिटांचा भाग दोनदा ऐका आणि ‘टक्’ नेमके कोणत्या शब्दावर किंवा टाळीवर येते, ते कागदावर लिहून ठेवा. दोन्ही वेळा ते त्याच जागी आले, तर दोष यंत्रात नसून फाइलमध्ये आहे. कॅसेट उतरवताना संगणकावर दुसरे काम चालू असेल, तर असे तुटके नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मापे) कायमचे मुद्रित होऊन बसतात, आणि मग वाजवणारे यंत्र कितीही बदलले तरी ते जात नाहीत. अशा फाइलींसाठी मूळ कॅसेट पुन्हा उतरवून घेणे हाच खरा उपाय आहे, म्हणून कॅसेटी टाकून देऊ नका. प्रत्येक वेळी जागा बदलत असेल, तरच पुढचे वाचावे.

आता आवाजाचा प्रकार ओळखावा. क्षणभराचा, टोकदार ‘टक्’ आणि त्यानंतर गाणे न थांबता पुढे जाणे हा एक प्रकार झाला. आवाज पूर्ण थांबून पुन्हा सुरू होणे, आणि तो जिथे तुटला तिथूनच पुढे चालू होणे, हा दुसरा प्रकार. गाणे थांबवले तरी स्पीकरमधून येत राहणारी गुणगुण हा तिसरा प्रकार असून त्याचा संबंध बहुधा अर्थिंगशी असतो. आपण गुणगुणीचा उल्लेख केलेला नाही, पण आपल्या भागातल्या जुन्या घरांत ती इतकी सर्रास आढळते की शेवटी तिच्याबद्दलही थोडे लिहिणार आहे.

पहिले दोन प्रकार वेगळे करण्यासाठी मी नेहमी एकच चाचणी करतो, आणि नवीन काही विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने ती करावी असा माझा आग्रह असतो. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे पाच मिनिटांची वेव्ह (आकुंचित न केलेली) फाइल साधारण ५३ मेगाबाइटची होते आणि ती आपल्या बोर्डाच्या रॅममध्ये सहज मावते. लिनक्समध्ये ‘डेव्ह’ खाली ‘एसएचएम’ नावाचे एक फोल्डर असते. ते फोल्डर म्हणजे प्रत्यक्षात रॅमच असते. कुठलीही फ्लॅक फाइल वेव्हमध्ये बदलून त्या फोल्डरात ठेवा, एमपीडी पूर्ण बंद करा, लॅन केबल आणि पेन ड्राइव्ह काढून घ्या, आणि ‘एप्ले’ या साध्या आज्ञेने ती फाइल थेट डॅकवर वाजवा. बोर्डाला कीबोर्ड आणि पडदा जोडलेला नसेल, तर आज्ञा आधी देऊन, ती पार्श्वभूमीत चालू ठेवून, मग केबल काढावी. आता डिस्क नाही, नेटवर्क नाही, प्लेअर नाही. रॅम, यूएसबी, डॅक आणि वीज एवढेच उरले आहे.

या वेळी दोनच गोष्टींकडे लक्ष द्यायचे. प्रोसेसरकडून वेळेत नमुने पोहोचले नाहीत, तर एप्ले स्वतःच पडद्यावर ‘अंडररन’ असे लिहून तो किती मिलिसेकंदांचा होता तेही सांगते. त्यासाठी तिचा अहवाल एखाद्या फाइलमध्ये साठवून ठेवावा. ‘टक्’ ऐकू आले पण अंडररनची एकही ओळ आली नाही, तर प्रोसेसरने आपले काम वेळेवर केलेले आहे आणि नमुने त्यानंतरच्या वाटेवर, म्हणजे यूएसबीवर किंवा डॅकमध्ये, हरवले आहेत. अशा वेळी बफर (पुढचा आवाज आधीच साठवून ठेवण्याची जागा) वाढवून काहीच साध्य होत नाही, कारण बफर हा त्या वाटेच्या अलीकडे असतो. याउलट या चाचणीत सगळे स्वच्छ वाजले आणि पेन ड्राइव्ह लावल्यावरच त्रास सुरू झाला, तर दोष डॅक आणि पेन ड्राइव्ह यांच्या एकत्र येण्यात आहे. इतके स्पष्ट उत्तर देणारी दुसरी कोणतीही चाचणी घरच्या घरी होत नाही.

विजेकडे वळतो, कारण माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा मूळ तिथेच सापडते आणि लोक मात्र तिथे सर्वांत शेवटी पाहतात. मॉडेल बीला ५ व्होल्ट लागतात आणि ते ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत असावे लागतात. बोर्ड, यूएसबीवरूनच वीज घेणारा डॅक आणि पेन ड्राइव्ह मिळून सहज ०.७ अँपिअर प्रवाह ओढतात. चार्जरवर २ अँपिअर छापलेले असल्यामुळे आपण निश्चिंत असतो, पण मधल्या केबलचा विचार कोणी करत नाही. मोबाइलसोबत मिळणाऱ्या बारीक केबलीत बऱ्याचदा २८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तार असते आणि तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. केबल दीड मीटरची असेल, तर प्रवाहाला जाऊन-येऊन तीन मीटर तारेतून जावे लागते, म्हणजे एकूण रोध ०.६४ ओहम झाला. ०.७ अँपिअरला त्यात ०.४५ व्होल्ट जिरतात. चार्जरमधून निघालेले पूर्ण ५ व्होल्ट बोर्डापाशी ४.५५ होऊन पोहोचतात, आणि बोर्डावरच्या फ्यूजमध्ये आणखी थोडे कमी होतात. २० गेजची तेवढीच केबल घेतली, तर हीच घट ०.०७ व्होल्टवर येते. केबल बदलण्याचा खर्च डॅकच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे, पण परिणाम डॅक बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका, मोजून पाहा. मॉडेल बीच्या पृष्ठभागावर ‘टीपी१’ आणि ‘टीपी२’ असे लिहिलेली दोन लहान गोल ठिकाणे आहेत. ती विजेचा दाब मोजण्यासाठीच ठेवलेली आहेत. मल्टिमीटर २० व्होल्टच्या डीसी पट्ट्यावर ठेवून त्याच्या लाल-काळ्या काड्या या दोन ठिकाणी टेकवा, पण बोर्ड नुसते चालू असताना घेतलेल्या मापाला अर्थ नाही. डॅक वाजत असताना, पेन ड्राइव्हवरून फाइल वाचली जात असताना, आणि शक्यतो संध्याकाळी सात ते नऊच्या वेळेत मोजावे. मीटर आकडा सावकाश बदलतो, त्यामुळे क्षणभराची घसरण त्यात दिसत नाही, म्हणून ४.८ च्या खाली आकडा दिसला तरी मी तो संशयास्पदच मानतो. काड्या टेकवताना शेजारच्या भागाला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नका. ज्यांच्याकडे २०१४ चे बी प्लस किंवा त्यानंतरचे, पाय २ किंवा पाय ३ सारखे, बोर्ड आहे, त्यांचे काम सोपे आहे : दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की त्यावरचा लाल दिवा विझतो, आणि ‘व्हीसीजेनकमांड’ या आज्ञेला ‘गेट थ्रॉटल्ड’ असे विचारले की तशी नोंद मिळते. उत्तर शून्य आले, तर वीज ठीक आहे. आकड्याच्या शेवटी ५०००५ आले, तर दाब आत्ताही कमी आहे. ५०००० आले, तर बोर्ड सुरू केल्यापासून तो केव्हातरी कमी झाला होता. मॉडेल बीवर ही सोय नाही, तिथे मीटरच लागतो.

संध्याकाळचा प्रश्नही इथेच सुटतो. आपल्या भागात संध्याकाळी सगळीकडचे दिवे, पंखे, कूलर एकदम लागतात. शेतीच्या पंपांना त्याच वेळी वीज आली असेल, तर गावाच्या टोकाच्या घरांत २३० व्होल्टऐवजी १८०-१९० व्होल्ट मिळणे नवीन नाही. चांगल्या अडॅप्टरला याचा काहीच फरक पडत नाही, कारण १०० ते २४० व्होल्टवर चालण्यासाठीच तो बनवलेला असतो. पण स्वस्त चार्जरवर हे आकडे नुसतेच छापलेले असतात, आणि दाब घसरला की पूर्ण भाराला तो ५ व्होल्ट टिकवू शकत नाही. चार्जर जुना असेल, तर आणखी एक कारण जोडले जाते. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने आटत जातात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. उन्हाळ्यात खोलीतच ४० अंशांच्या वर पारा गेलेला असताना शोकेसच्या बंद कप्प्यात वर्षानुवर्षे चालू राहिलेला चार्जर बाहेरून नवा दिसला, तरी आतून थकलेला असतो. म्हणून ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा, तार कायमची जोडलेला आणि मायक्रो यूएसबी टोक असलेला अडॅप्टर घ्यावा. पाय ३ साठी बनवलेला अडॅप्टर आपल्या मॉडेल बीला बिनदिक्कत चालतो. तो उघड्यावर, हवा लागेल असा ठेवावा.

ज्यांच्याकडे पेन ड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क आहे, त्यांनी ती बोर्डाच्या विजेवर मुळीच चालवू नये. फिरायला सुरुवात करताना ती जो प्रवाह ओढते, तो या बोर्डाच्या आवाक्याबाहेरचा असतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावावा, पण तो घेताना एक गोष्ट तपासावी : काही हब आपली वीज उलट्या दिशेने, यूएसबीच्या सॉकेटमधून, बोर्डात ढकलतात. बोर्डाचा स्वतःचा अडॅप्टर काढून फक्त हब चालू ठेवला आणि तरीही बोर्डावरचा लाल दिवा लागलेला दिसला, तर तो हब परत करावा.

वीज नीट झाल्यावर अर्धा-एक सेकंद आवाज बंद पडण्याचा दोष बहुधा जाईल. तो विजेचाच होता याची खात्री करायची असेल, तर जुन्या चार्जरवर असताना ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नोंदवही वाचावी. आवाज बंद पडला त्याच वेळी यूएसबीचे एखादे उपकरण ‘रिसेट’ झाल्याची किंवा तुटून पुन्हा जोडले गेल्याची ओळ तिथे असेल, तर आणखी पुरावा लागत नाही.

‘टक्’ मात्र कदाचित उरेल, आणि ते का उरते हे समजण्यासाठी या बोर्डाची रचना पाहावी लागते. मॉडेल बीच्या मुख्य चिपमधून यूएसबीची एकच वाट बाहेर पडते. ती ‘लॅन९५१२’ नावाच्या दुसऱ्या चिपमध्ये जाते, आणि त्या एकाच चिपमधून दोन यूएसबी सॉकेट आणि लॅनचे सॉकेट, अशी तिन्ही तोंडे निघतात. म्हणजे पेन ड्राइव्हवरून वाचलेली फाइल, राउटरकडून आलेला माल आणि डॅककडे जाणारा आवाज हे सगळे एकाच पाटाने वाहते, आणि पाट एकच असला की एकाची बारी लांबली म्हणजे दुसऱ्याचे पीक सुकते. पेन ड्राइव्हचा किंवा नेटवर्कचा तुकडा हरवला, तर तो पुन्हा मागवता येतो. आवाजाच्या तुकड्याला ही सवलत नाही. यूएसबीवर आवाज वेळेला बांधलेल्या पद्धतीने जातो. दर मिलिसेकंदाला एक पाकीट, त्यात ४४ किंवा ४५ नमुने, आणि पाकीट हुकले तर ते पुन्हा पाठवण्याची तरतूदच नाही. एका मिलिसेकंदाचे हे भगदाड म्हणजेच आपल्याला ऐकू येणारे ‘टक्’. तानपुरा किंवा बासरीसारख्या सलग नादात ते लगेच टोचते. मृदंग-टाळांच्या गजरात ते बऱ्याचदा लपून जाते.

त्यातही एक बारकावा आहे. यूएसबीचे पहिल्या पिढीचे, सेकंदाला १२ मेगाबिटचे डॅक या बोर्डावर जास्त अडचणीत येतात. मुख्य चिप आणि ‘लॅन९५१२’मधला हब एकमेकांशी ४८० मेगाबिटच्या वेगाने बोलतात, आणि संथ डॅकसाठी प्रत्येक पाकिटाचे दोन तुकडे करून, एक आता आणि उरलेला व्यवहार थोड्या वेळाने, असे अगदी नेमक्या क्षणी पाठवावे लागते. इतर संगणकांत हे हिशोब यूएसबीचे नियंत्रक हार्डवेअर स्वतः करते. या बोर्डावर ते बरेचसे मुख्य प्रोसेसरवर टाकलेले आहे, आणि ७०० मेगाहर्ट्झचा एकच गाभा असलेल्या प्रोसेसरला सेकंदाला ८,००० वेळा त्याकडे लक्ष द्यावे लागते. तो दुसऱ्या कामात गुंतला की वेळ हुकते. आपला डॅक कोणत्या वर्गातला आहे हे ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेला ‘टी’ हा पर्याय जोडून पाहावे : डॅकच्या ओळीच्या शेवटी १२ आकडा आला तर तो संथ, ४८० आला तर वेगवान. वेगवान डॅकला ही तुकड्यांची कसरत करावी लागत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रणाली जुनी नसावी. यूएसबीचे हे काम प्रोसेसरच्या अतिजलद व्यत्ययाकडे (बाकीचे काम थांबवून आधी लक्ष देण्याच्या सोयीकडे) सोपवणारी सुधारणा २०१४ च्या सुमारास कर्नलमध्ये आली आणि तिच्यामुळे फार मोठा फरक पडला. आपण कार्ड नव्याने लिहिले असे म्हणता, पण त्यासाठी वापरलेली प्रतिमा, म्हणजे प्रणालीची तयार फाइल, कोणत्या वर्षाची होती ते पाहावे. जपून ठेवलेली २०१३ ची फाइलच पुन्हा पुन्हा लिहिली असेल, तर कितीही वेळा लिहून उपयोग नाही. एवढ्या कमी रॅमच्या बोर्डासाठी मी स्वतः पाय-कोअर-प्लेअर ही संगीतासाठीच बनवलेली छोटी प्रणाली पसंत करतो, कारण ते सुरू झाल्यावर सगळे रॅममध्ये चालते, कार्डावर लिहिणे जवळजवळ थांबते, आणि अचानक वीज गेली तरी कार्ड खराब होण्याची भीती फारशी उरत नाही. भारनियमनाच्या भागात हा गुण मला आवाजाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्यात एमपीडीऐवजी स्क्वीझलाइट हा प्लेअर असतो, एवढा बदल स्वीकारावा लागेल.

दुसरा उपाय अधिक जालीम आहे आणि फक्त १२ मेगाबिटचा डॅक असणाऱ्यांसाठीच आहे. मेमरी कार्डाच्या बूट विभागात (जिथून बोर्ड सुरू होते) ‘सीएमडीलाइन’ नावाची एक मजकुराची फाइल असते. तिच्यात सगळा मजकूर एकाच ओळीत असतो. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘डीडब्ल्यूसी अंडरस्कोअर ओटीजी, टिंब, स्पीड, बरोबर, १’ हा पर्याय लहान इंग्रजी अक्षरांत लिहावा, नवी ओळ मात्र सुरू करू नये, नाहीतर तो वाचलाच जात नाही. याने सगळी यूएसबी वाट १२ मेगाबिटवर उतरते, डॅकसाठीची तुकड्यांची कसरत संपते आणि ‘टक्’ बहुतेक वेळा पूर्ण जाते. किंमत अशी, की लॅन आणि पेन ड्राइव्हही तेवढ्याच संथ होतात. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला १.४ मेगाबिट पुरतात, त्यामुळे कीर्तने ऐकायला काहीच अडचण येत नाही; पण पेन ड्राइव्हवर नवी फाइल टाकायला कंटाळा येईल इतका वेळ लागेल, आणि ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइली ऐकणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. नेटवर्कवरून फाइली ऐकणाऱ्यांनी त्याआधी एक सौम्य पर्याय करून पाहावा : त्याच ओळीत लॅनच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ‘एसएमएससी९५एक्सएक्स’चा, ‘टर्बो मोड’ बंद करता येतो. त्यामुळे नेटवर्कचा माल मोठ्या झुंडीने न येता थोडा थोडा येतो आणि डॅकच्या पाकिटांना मध्ये जागा मिळते.

सेटिंगांच्या बाबतीत एकच जागा मी बारकाईने पाहायला सांगेन. गाणे वाजत असताना ‘प्रॉक’ खालच्या ‘असाउंड’ फोल्डरात जाऊन आपल्या डॅकच्या कार्डाचे फोल्डर उघडा आणि त्यातली ‘एचडब्ल्यू पॅराम्स’ ही फाइल वाचा. डॅककडे प्रत्यक्षात काय जाते आहे, ते तिथे लिहिलेले असते. आपली फाइल ४४,१०० हर्ट्झची आहे आणि तिथे ‘रेट’समोर ४८,००० किंवा १,९२,००० दिसत आहे, तर मध्ये कोणीतरी नमुन्यांचा दर बदलते आहे आणि हा गरीब प्रोसेसर त्यात झिजतो आहे. अनेक जण आवाज सुधारेल या आशेने प्लेअरमध्ये दर वाढवण्याचा पर्याय सर्वोच्च दर्जावर ठेवतात. कॅसेटवरून आलेल्या ध्वनिमुद्रणाला त्याने काडीचाही लाभ होत नाही, आणि या बोर्डावर तो पर्याय एकटाच आवाज तोडायला पुरेसा आहे. तो बंद करावा आणि एमपीडीच्या आउटपुटमध्ये उपकरणाचे नाव ‘डीफॉल्ट’ न ठेवता थेट हार्डवेअरचे, म्हणजे ‘एचडब्ल्यू’ आणि पुढे कार्डाचा क्रमांक असे, द्यावे. मग ‘रेट’समोर ४४,१०० दिसले पाहिजे.

बफरविषयी फार चर्चा होते, म्हणून एवढेच लिहितो की एमपीडीचे मूळ आकडे चांगले आहेत. चार मेगाबाइटचा बफर सीडीच्या दर्जाचे जवळजवळ २४ सेकंदांचे संगीत साठवतो आणि अल्साचा, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या व्यवस्थेचा, बफर आणखी अर्ध्या सेकंदाचे. कुणाच्या सल्ल्यावरून ते कमी केले असतील, तर पूर्ववत करावेत. ते दहापट वाढवून यूएसबीवरचे ‘टक्’ जाणार नाही. संग्रहाची यादी नव्याने बनवण्याचे काम मात्र ऐकत असताना चालू ठेवू नये, कारण त्या वेळी पेन ड्राइव्ह आणि प्रोसेसर दोन्ही पूर्ण गुंतलेले असतात.

वाय-फायची यूएसबी कांडी या बोर्डाला लावण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. त्याच एका वाटेवर आणखी एक गिऱ्हाईक कशाला वाढवायचे? शिवाय माळवदाच्या घरांच्या हात-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींतून वाय-फाय नीट पार होत नाही. लॅन केबल आहे ती उत्तम आहे. कीबोर्ड-माउसही सेटिंग झाल्यावर काढून ठेवावेत, कारण तेही संथ उपकरणांत मोडतात.

गुणगुणीबद्दल सांगायचे राहिले होते. गाणे थांबवल्यावरही ती येत असेल, तर एकेक केबल काढून पाहावी. डॅक ते ॲम्प्लिफायरची केबल काढल्यावर ती गेली आणि लॅन केबल काढल्यावरही गेली, तर दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वळसा तयार झालेला आहे. लॅनची केबल धातूच्या आवरणाची असेल, तर साधी, बिनआवरणाची लावावी. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. नाहीच भागले, तर डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये लाइन सिग्नलचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. त्याने गुणगुण जाते हे खरे, पण आत एखादी तार सुटून पेटीला लागली, तर पेटीला हात लावणाऱ्याच्या अंगातून ती वीज जाते. हा सल्ला कोणीही दिला, तरी ऐकू नका. इन्व्हर्टरवर असतानाच गुरगुर येत असेल, तर तो स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता आहे. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ती येत नाही.

हे सगळे करूनही ‘टक्’ उरले, तर मी आपल्याला नवा यूएसबी डॅक घ्यायला सांगणार नाही. त्यापेक्षा यूएसबीची वाटच सोडावी. मुख्य चिपमधून आवाजासाठी ‘आयटूएस’ नावाची स्वतंत्र वाट निघते, तिच्यात ना लॅनचा वाटा ना पेन ड्राइव्हचा. आपल्या बोर्डावर ती ‘पी५’ अशी खूण असलेल्या आठ रिकाम्या छिद्रांशी आणून सोडलेली आहे. तिथे पिना सोल्डर कराव्या लागतात, आणि हात बसलेला नसेल तर ते काम रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे. सोल्डर करायचे नसेल, तर ४० पिनांचे कोणतेही वापरलेले बोर्ड, बी प्लस किंवा पाय २, घेऊन त्यावर डॅकची पट्टी नुसती बसवता येते. पट्टी घेताना तिच्यावर स्वतःचे दोन स्फटिक, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे, आहेत का ते विचारावे. बोर्डाच्या घड्याळातून ४४.१ किलोहर्ट्झची पट नेमकी निघत नाही, आणि हे स्फटिक ती उणीव भरून काढतात. नसले तरी आवाज तुटणार नाही, त्यामुळे पैशांची ओढाताण असेल तर साधी पट्टीही चालेल. पाय ३ घेऊन यूएसबी डॅकच ठेवायचा विचार असेल, तर लक्षात ठेवा की त्यातही लॅन आणि यूएसबीची वाट एकच आहे. प्रोसेसर जोरदार असल्यामुळे त्रास कमी होतो इतकेच. लॅनला स्वतंत्र वाट २०१९ च्या पाय ४ पासून मिळाली.

आज संध्याकाळी मल्टिमीटर मिळाला तर टीपी१ आणि टीपी२ मधला दाब, रॅममधून वाजवलेल्या फाइलचा एप्लेने दिलेला अहवाल, आणि एलएसयूएसबीमध्ये डॅकसमोर १२ आहे की ४८०, एवढे तीन तपशील कळवा. अडॅप्टर घ्यायचा की पिना सोल्डर करायच्या, हे मग नक्की सांगता येईल. तोपर्यंत काहीही विकत घेऊ नका.